रिकिदोझान

रिकिदोझान (जन्मनाव: किम सिन-राक, कायदेशीर जपानी नाव: मित्सुहिरो मोमोता, १४ नोव्हेंबर, इ.स. १९२४ – १५ डिसेंबर, इ.स. १९६३) हे जपानमधील व्यावसायिक कुस्तीगीर आणि त्यापूर्वीचे सुमो मल्ल होते. त्यांना जपानी व्यावसायिक कुस्तीचे जनक मानले जाते. दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतरच्या काळात परदेशी मल्लांना लोळवणारा नायक म्हणून त्यांना अफाट लोकप्रियता लाभली. जपानमध्ये दूरचित्रवाणीचा प्रसार होण्यातही त्यांच्या सामन्यांचा मोठा वाटा होता. जायंट बाबा, अँटोनियो इनोकी आणि किंतारो ओकी हे त्यांचे प्रमुख शिष्य होत. जपानचे राष्ट्रीय प्रतीक ठरलेल्या रिकिदोझान यांचा जन्म कोरियात झाला होता; मात्र ही गोष्ट त्यांच्या हयातीत जपानी जनतेपासून लपवून ठेवण्यात आली. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी चाकूहल्ल्यात झालेल्या जखमेनंतर त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर जपानमध्ये अनेक नामवंत कुस्तीगीर झाले. तथापि नव्या मल्लांची तुलना आजही त्यांच्या काळाशी केली जाते.

सुरुवातीचे जीवन

रिकिदोझान यांचा जन्म कोरियाच्या ईशान्येकडील दक्षिण हामग्योंग प्रांतात एका शेतकरी कुटुंबात झाला. हा प्रांत आज उत्तर कोरियात आहे. त्या वेळी संपूर्ण कोरिया जपानी साम्राज्याच्या अमलाखाली होता. त्यांच्या जन्मवर्षाबाबत नोंदींमध्ये एकवाक्यता नाही, इ.स. १९२४ हे वर्ष सर्वसाधारणपणे ग्राह्य धरले जाते. तीन भावांमध्ये ते धाकटे होते. कोरियात कमरेला व मांडीला बांधलेला पट्टा धरून खेळली जाणारी सिरुम ही पारंपरिक कुस्ती लोकप्रिय आहे. त्यांचा थोरला भाऊ या खेळात नावाजलेला होता आणि सिन-राक हेही लहान वयातच सिरुमच्या फडात उतरू लागले.

इ.स. १९३८ च्या सुमारास अशाच एका स्पर्धेत त्यांचा खेळ मोमोता आडनावाच्या एका जपानी गृहस्थाच्या नजरेस पडला. हे गृहस्थ क्यूशू बेटावरील नागासाकी प्रांतातील ओमुरा गावचे होते आणि सुमोसाठी होतकरू मुलांच्या शोधात असत. त्यांच्या प्रयत्नांमुळे सिन-राक जपानला गेले. जाण्यापूर्वी कोरियात त्यांचा विवाह झाला होता व त्या विवाहातून त्यांना एक मुलगीही झाली. युद्धानंतर कोरियाची फाळणी होऊन त्यांचे मूळ गाव उत्तरेकडे गेले आणि कुटुंबाशी असलेला त्यांचा संबंध जवळजवळ तुटला.

सुमो कारकीर्द

जपानमध्ये ते निशोनोसेकी या सुमो तालमीत दाखल झाले. सुमोच्या तालमीत नवख्या मल्लाला सराव, स्वयंपाक, साफसफाई आणि ज्येष्ठांची सेवा अशी सर्व कामे करावी लागतात. मे, इ.स. १९४० मध्ये ते पहिल्यांदा अधिकृत स्पर्धेत उतरले. त्यांना रिकिदोझान हे आखाड्यातील नाव मिळाले. या नावातील तीन चिन्हांचे अर्थ अनुक्रमे शक्ती, मार्ग आणि पर्वत असे आहेत. सुरुवातीच्या काळात त्यांची नोंद कोरियातील मल्ल अशीच होती. पुढे ती बदलून त्यांचे मूळ गाव ओमुरा असल्याचे सांगितले जाऊ लागले.

नोव्हेंबर, इ.स. १९४६ मध्ये ते सुमोच्या सर्वोच्च विभागात पोहोचले. जून, इ.स. १९४७ च्या स्पर्धेत ते इतर तीन मल्लांसह बरोबरीत पहिल्या स्थानावर राहिले, असे म्हणता येईल इतके चुरशीचे यश त्यांनी मिळवले. या चौघांत ते स्वतः आणि योकोझुना हागुरोयामा यांचा समावेश होता. विजेता ठरवण्यासाठी झालेल्या फेरीत रिकिदोझान यांना हागुरोयामा यांच्याकडून हार पत्करावी लागली. मे, इ.स. १९४९ मध्ये त्यांना सेकिवाके ही श्रेणी मिळाली. योकोझुना व ओझेकी यांच्या खालोखाल ही सुमोतील तिसरी श्रेणी आहे.

याच सुमारास त्यांना फुप्फुसाचा विकार जडला. आजारपण, पैशांची चणचण आणि तालमीच्या वस्तादांशी झालेले मतभेद यांमुळे ते सुमोविषयी नाराज होत गेले. कोरियन असल्यामुळे सर्वोच्च श्रेणीचा मार्ग बंद राहील ही भावनाही त्यामागे असावी, असे काही चरित्रकार मानतात. सप्टेंबर, इ.स. १९५० मध्ये त्यांनी सुमो सोडले. निवृत्त होणाऱ्या मल्लाची शेंडी समारंभपूर्वक कापण्याची सुमोमध्ये प्रथा आहे. रिकिदोझान यांनी मात्र ती स्वतःच्या हाताने कापून टाकली.

व्यावसायिक कुस्तीत प्रवेश

सुमो सोडल्यानंतर त्यांनी एका परिचित बांधकाम व्यावसायिकाकडे नोकरी धरली. याच काळात मोमोता कुटुंबाच्या नोंदवहीत मित्सुहिरो मोमोता या नावाने त्यांची जपानी नागरिक म्हणून नोंद झाली. या नोंदीला व्यावहारिक महत्त्व होते. इ.स. १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा शांतता करार अमलात आल्यावर जपानमध्ये राहणाऱ्या कोरियन लोकांचे जपानी नागरिकत्व संपुष्टात आले आणि नोकरी, प्रवास व निवास या सर्वच बाबतींत त्यांच्यासमोर अडचणी उभ्या राहिल्या.

इ.स. १९५१ च्या शरद ऋतूत अमेरिकी कुस्तीगीरांचा एक चमू धर्मादाय सामन्यांसाठी टोकियोत आला होता. बॉबी ब्रन्स हे त्याचे प्रमुख होते. हवाईचे जपानी वंशाचे हॅरल्ड साकाता हेही या चमूत होते. साकाता यांनी इ.स. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारोत्तोलनात रौप्यपदक मिळवले होते. त्यांच्यामुळे रिकिदोझान यांची या नव्या प्रकाराशी ओळख झाली. थोड्याच दिवसांच्या सरावानंतर २८ ऑक्टोबर, इ.स. १९५१ रोजी ते ब्रन्स यांच्याविरुद्ध रिंगणात उतरले. दहा मिनिटांचा हा सामना बरोबरीत सुटला.

व्यावसायिक कुस्ती ही ऑलिंपिकमधील किंवा मातीतील कुस्तीपेक्षा वेगळी असते. तिच्यात सामन्याचा निकाल सहसा आधीच ठरलेला असतो. मल्लांची ताकद, चपळाई आणि झेललेला मार खरा असला, तरी सामना प्रेक्षकांच्या भावना जागवण्यासाठी रचलेला असतो. कोण नायक आणि कोण खलनायक हे प्रेक्षकाला पहिल्या काही क्षणांतच कळावे लागते. रिकिदोझान यांनी ही कला अमेरिकेत जाऊन शिकण्याचे ठरवले. फेब्रुवारी, इ.स. १९५२ मध्ये ते होनोलुलूला गेले. तेथे ओकी शिकिना यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी कठोर सराव केला आणि त्यानंतर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर अनेक सामने खेळले. इ.स. १९५३ मध्ये जपानला परतल्यावर त्यांच्या पुढाकाराने जपान प्रो-रेसलिंग अलायन्स ही संस्था स्थापन झाली.

शार्प बंधूंविरुद्धचे सामने आणि दूरचित्रवाणी

जपानमध्ये दूरचित्रवाणीचे नियमित प्रक्षेपण इ.स. १९५३ मध्ये सुरू झाले. फेब्रुवारीत एनएचके या सार्वजनिक संस्थेने आणि ऑगस्टमध्ये निप्पॉन टेलिव्हिजन या खाजगी वाहिनीने कार्यक्रम दाखवण्यास प्रारंभ केला. त्या वर्षी शार्प कंपनीने बाजारात आणलेल्या जपानी बनावटीच्या संचाची किंमत १,७५,००० येन होती. सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेरची अशी ही रक्कम होती. जाहिरातींवर चालणाऱ्या निप्पॉन टेलिव्हिजनला प्रेक्षक हवे होते. म्हणून वाहिनीचे प्रमुख मात्सुतारो शोरिकी यांनी रेल्वे स्थानके, चौक आणि बागा अशा सार्वजनिक ठिकाणी उंचावर दूरचित्रवाणी संच बसवले.

१९ फेब्रुवारी, इ.स. १९५४ रोजी टोकियोतील कुरामाए येथील सुमो सभागृहात रिकिदोझान व ज्यूदोपटू मासाहिको किमुरा या जोडीचा सामना बेन व माइक शार्प या बंधूंशी झाला. सलग तीन दिवस चाललेल्या या सामन्यांचे दोन्ही वाहिन्यांनी प्रक्षेपण केले. टोकियोच्या शिंबाशी स्थानकासमोरच्या चौकात हजारो लोक एका लहानशा पडद्यासमोर उभे राहिले. तेथील गर्दीचा आकडा वीस हजारांच्या आसपास सांगितला जातो.

या सामन्यांची रचना सोपी होती. धिप्पाड शार्प बंधू नियम मोडत, किमुरा यांना कोंडीत पकडत आणि मारत. शरीराने तुलनेने लहान असलेले रिकिदोझान बराच वेळ संयम राखत. अखेर त्यांचा संयम सुटे आणि तळहाताच्या कडेने प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर व मानेवर ते सपासप वार करू लागत. कराटे चॉप या नावाने हा प्रहार पुढे घरोघरी माहीत झाला. जपानवरील दोस्तराष्ट्रांचा लष्करी ताबा संपून तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. रस्त्यांवर परदेशी सैनिक पाहण्याची सवय झालेल्या प्रेक्षकांना गोऱ्या मल्लांची ही पीछेहाट पाहून विलक्षण दिलासा मिळाला. प्रत्यक्षात शार्प बंधू अमेरिकी नसून कॅनडाचे होते आणि जपानची लाज राखणारा वीर कोरियात जन्मलेला होता. चौकात जमलेल्या प्रेक्षकांना यातील काहीच ठाऊक नव्हते.

पुढील काही वर्षांत दूरचित्रवाणी संच घरोघरी पोहोचले. मित्सुबिशी इलेक्ट्रिक या कंपनीच्या प्रायोजकत्वाखाली शुक्रवारी रात्री आठ वाजता कुस्तीचा कार्यक्रम दाखवला जाऊ लागला. काही काळ तो डिस्नेच्या कार्यक्रमासह आलटून पालटून प्रसारित होत असे. दोन सामन्यांच्या मध्ये कंपनीच्या विद्युत झाडूने रिंगणाची सफाई केली जाई आणि हे दृश्यही प्रेक्षकांच्या स्मरणात राहिले.

किमुरा यांच्याशी सामना

मासाहिको किमुरा हे त्या पिढीतील सर्वश्रेष्ठ ज्यूदोपटू मानले जात. इ.स. १९५१ मध्ये त्यांनी ब्राझीलमध्ये एलियो ग्रेसी यांना हरवले होते. रिकिदोझान यांच्या जोडीने खेळताना मात्र त्यांच्या वाट्याला सतत मार खाणाऱ्या साथीदाराची भूमिका येई. इ.स. १९५४ च्या अखेरीस त्यांनी वृत्तपत्रातून याविषयी जाहीर नाराजी व्यक्त केली आणि खऱ्या लढतीत आपण रिकिदोझान यांना हरवू शकतो असे सूचित केले. त्यातून दोघांचा सामना ठरला.

२२ डिसेंबर, इ.स. १९५४ रोजी कुरामाए येथे जपानच्या पहिल्या हेवीवेट विजेतेपदासाठी हे दोघे समोरासमोर आले. सुरुवातीचा काही वेळ सामना नेहमीप्रमाणे संथ चालला. नंतर किमुरा यांची एक लाथ रिकिदोझान यांच्या कमरेखाली गेल्याचे निमित्त झाले आणि रिकिदोझान यांनी ठोसे, चापट्या व लाथांचा भडिमार केला. किमुरा रक्तबंबाळ होऊन कोसळले. सुमारे सोळा मिनिटांत सामना संपला.

हा सामना बरोबरीत सोडवण्याचे आधी ठरले होते आणि रिकिदोझान यांनी दगा दिला, असे किमुरा यांनी पुढे सांगितले. रिकिदोझान यांच्या बाजूने ही हकीकत वेगळ्या प्रकारे मांडली गेली. या प्रसंगामुळे रिकिदोझान जपानी कुस्तीचे निर्विवाद प्रमुख झाले. परंतु व्यावसायिक कुस्तीत खरे किती आणि ठरवलेले किती, हा प्रश्नही त्यामुळे जाहीरपणे चर्चेत आला. प्रमुख वृत्तपत्रे हळूहळू या खेळाकडे पाठ फिरवू लागली. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांवर मात्र त्याचा परिणाम झाला नाही.

आंतरराष्ट्रीय सामने

नोव्हेंबर, इ.स. १९५५ मध्ये रिकिदोझान यांनी किंगकाँग या नावाने खेळणारे एमिल झाया यांना हरवून आशियाई हेवीवेट विजेतेपद मिळवले. मूळचे हंगेरीचे आणि सिंगापूरमध्ये स्थायिक झालेले हे महाकाय मल्ल भारतीय प्रेक्षकांना दारा सिंग यांचे प्रतिस्पर्धी म्हणून परिचित आहेत.

ऑक्टोबर, इ.स. १९५७ मध्ये जागतिक विजेते लू थेझ जपानला आले. ७ ऑक्टोबर रोजी टोकियोच्या कोराकुएन बेसबॉल मैदानावर झालेला सामना साठ मिनिटे चालून बरोबरीत सुटला. दूरचित्रवाणी संच असलेल्या घरांपैकी ८७ टक्के घरांत हा सामना पाहिला गेल्याची नोंद सांगितली जाते. काही दिवसांनी ओसाका येथे झालेला दुसरा सामनाही बरोबरीत संपला. इ.स. १९५८ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे रिकिदोझान यांनी थेझ यांच्यावर विजय मिळवला आणि त्यानंतर ते आंतरराष्ट्रीय हेवीवेट विजेते म्हणून ओळखले जाऊ लागले. ऑलिंपिक पद्धतीच्या कुस्तीत मुरलेल्या थेझ यांना रिकिदोझान यांच्याविषयी आदर होता. हेच थेझ पुढे इ.स. १९६८ मध्ये मुंबईत दारा सिंग यांच्याशी लढले.

इ.स. १९५९ पासून रिकिदोझान यांनी देशोदेशीच्या मल्लांची वार्षिक साखळी स्पर्धा सुरू केली. पहिल्या पाचही स्पर्धा त्यांनी स्वतः जिंकल्या. एप्रिल, इ.स. १९६२ मध्ये अमेरिकेच्या फ्रेडी ब्लासी यांच्याशी झालेला त्यांचा सामना वेगळ्या कारणाने गाजला. ब्लासी प्रतिस्पर्ध्याच्या कपाळाचा चावा घेत. पडद्यावर रक्त पाहून काही वृद्ध प्रेक्षकांचा धक्क्याने मृत्यू झाल्याच्या बातम्या जपानी वृत्तपत्रांत आल्या आणि दूरचित्रवाणीवर अशी दृश्ये दाखवावीत की नाही यावर वाद झाला.

२४ मे, इ.स. १९६३ रोजी मुखवटाधारी द डिस्ट्रॉयर (डिक बायर) यांच्याशी झालेला सामना ६४ टक्के घरांत पाहिला गेला. दूरचित्रवाणी आता जपानमधील बहुसंख्य घरांत असल्याने प्रेक्षकांची प्रत्यक्ष संख्या पूर्वीपेक्षा कितीतरी मोठी होती. जपानी दूरचित्रवाणीच्या इतिहासातील सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या कार्यक्रमांत या प्रक्षेपणाची गणना होते. डिस्ट्रॉयर यांनी पायांचा घातलेला पेच सुटेना आणि अखेर सामना अनिर्णित राहिला.

व्यवसाय, स्वभाव आणि शिष्य

कुस्तीतून मिळालेला पैसा रिकिदोझान यांनी इतर धंद्यांत गुंतवला. टोकियोच्या आकासाका भागात त्यांनी निवासी इमारत बांधली. इ.स. १९६१ मध्ये शिबुया येथे रिकी स्पोर्ट्स पॅलेस ही स्वतःचे कुस्ती सभागृह असलेली बहुमजली वास्तू उभी राहिली. गोल्फ मैदानाची योजनाही त्यांनी हाती घेतली होती. सत्ताधारी पक्षाचे नेते बांबोकु ओनो हे त्यांच्या कुस्ती संस्थेचे आयुक्त होते. त्याचबरोबर त्या काळातील इतर करमणूक व्यवसायांप्रमाणे कुस्तीच्या आयोजनातही गुन्हेगारी टोळ्यांचा वावर होता.

खाजगी आयुष्यात ते तापट होते. मद्यपानानंतर होणारी त्यांची भांडणे सर्वश्रुत होती. शिष्यांना शिकवण्याची त्यांची पद्धत सुमोच्या तालमीतली होती. चुकांना मारहाण हेच उत्तर असे आणि शेकडो बैठका हा रोजचा नेम असे.

त्यांच्या शिष्यांची निवड दूरदृष्टीची ठरली. किम इल हे कोरियन तरुण रिकिदोझान यांची कीर्ती ऐकून चोरून जहाजाने जपानला आले व पकडले गेले. रिकिदोझान यांनी आपले वजन खर्च करून त्यांची सुटका करवली आणि त्यांना किंतारो ओकी हे नाव दिले. शोहेई बाबा हे योमिउरी जायंट्स या बेसबॉल संघाचे माजी गोलंदाज होते. त्यांची उंची दोन मीटरहून अधिक होती. कान्जी इनोकी हे किशोरवयात कुटुंबासह ब्राझीलला स्थलांतरित झाले होते. इ.स. १९६० मध्ये ब्राझीलच्या दौऱ्यावर असताना रिकिदोझान यांनी त्यांना हेरले आणि जपानला आणले. बाबा व इनोकी यांनी ३० सप्टेंबर, इ.स. १९६० या एकाच दिवशी टोकियोत पदार्पण केले. इनोकी यांचा त्या दिवशी ओकी यांच्याकडून पराभव झाला. त्यानंतर बाबा यांना अमेरिकेला पाठवण्यात आले, तर इनोकी यांना वस्तादांचे सेवक म्हणून राबावे लागले. या भेदभावाची आठवण इनोकी यांना आयुष्यभर राहिली.

कोरियन ओळख

रिकिदोझान यांच्या जन्माची हकीकत कुस्ती क्षेत्रातील अनेकांना आणि जपानमधील कोरियन समाजाला माहीत होती. वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी मात्र त्यांना ओमुराचे सुपुत्र म्हणूनच सादर करीत राहिली. जपानी नायक या प्रतिमेवर त्यांची सारी लोकप्रियता उभी होती आणि कोरियन लोकांविषयी समाजात तीव्र पूर्वग्रह होता. त्यामुळे घरातील जवळच्या माणसांपाशीही ते या विषयावर क्वचितच बोलत.

जानेवारी, इ.स. १९६३ मध्ये त्यांनी दक्षिण कोरियाला भेट दिली. जपान व दक्षिण कोरिया यांच्यात तेव्हा राजनैतिक संबंध नव्हते, ते इ.स. १९६५ मध्ये प्रस्थापित झाले. तेथे त्यांचे जंगी स्वागत झाले. त्यांनी दोन्ही कोरियांच्या सीमेवरील पानमुनजोम या ठिकाणालाही भेट दिली. त्यांचे जन्मगाव सीमेपलीकडे होते. जपानी वृत्तपत्रांनी या दौऱ्याची फारशी दखल घेतली नाही.

जून, इ.स. १९६३ मध्ये त्यांचा विवाह जपान एअरलाइन्समधील हवाईसेविका केइको तानाका यांच्याशी झाला. आधीच्या संबंधातून झालेले त्यांचे योशिहिरो व मित्सुओ मोमोता हे दोन्ही मुलगे पुढे कुस्तीच्या व्यवसायात आले. केइको यांच्यापासून झालेल्या मुलीचा जन्म मात्र त्यांच्या निधनानंतर झाला.

मृत्यू

८ डिसेंबर, इ.स. १९६३ रोजी रात्री आकासाका येथील न्यू लॅटिन क्वार्टर या नाइटक्लबमध्ये रिकिदोझान यांचा एका टोळीतील तरुणाशी वाद झाला. प्रसाधनगृहापाशी झालेल्या झटापटीत त्या तरुणाने त्यांच्या पोटात चाकू खुपसला. त्यांच्यावर शस्त्रक्रिया करण्यात आली आणि प्रारंभी ते बरे होतील असे वाटत होते. आठवड्याभराने प्रकृती बिघडल्याने दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. १५ डिसेंबर रोजी रात्री त्यांचे निधन झाले. मृत्यूच्या नेमक्या वैद्यकीय कारणाविषयी पुढे वेगवेगळी मते मांडली गेली. हल्लेखोराला तुरुंगवासाची शिक्षा झाली. टोकियोतील इकेगामी होन्मोन्जी या मंदिराच्या परिसरात रिकिदोझान यांची समाधी असून तेथे त्यांचा अर्धपुतळा आहे.

मृत्यूनंतरची जपानी कुस्ती

रिकिदोझान यांच्या निधनानंतर जपानी व्यावसायिक कुस्ती टिकणार नाही, अशी भीती व्यक्त झाली. संपूर्ण व्यवसाय एका माणसाच्या नावावर चालत होता. रिकी स्पोर्ट्स पॅलेस काही वर्षांतच विकावे लागले. संस्थेची धुरा सांभाळणाऱ्या तोयोनोबोरी यांच्यापाशी ताकद होती, परंतु रिकिदोझान यांचे वलय नव्हते. नोव्हेंबर, इ.स. १९६५ मध्ये जायंट बाबा यांनी गुरूंचे आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि व्यवसायाला पुन्हा चेहरा मिळाला.

इ.स. १९७२ मध्ये दोन्ही शिष्यांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. इनोकी यांनी न्यू जपान प्रो-रेसलिंग आणि बाबा यांनी ऑल जपान प्रो-रेसलिंग या संस्था काढल्या. पुढच्याच वर्षी रिकिदोझान यांची मूळ संस्था बंद पडली. बाबा यांनी अमेरिकी मल्लांशी सलोखा ठेवून गुरूंची जुनी रचना जपली. इनोकी यांनी व्यावसायिक कुस्ती हाच सर्वांत बलवान युद्धप्रकार असल्याचा दावा करीत इतर खेळांतील विजेत्यांना आव्हान दिले. जून, इ.स. १९७६ मध्ये टोकियोत ते मुष्टियोद्धे मुहम्मद अली यांच्याशी आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कराचीत अक्रम पहिलवान यांच्याशी लढले. अक्रम हे गामा पहिलवान यांचे पुतणे होते.

बाबा व इनोकी यांच्या उमेदीच्या काळातही जुने प्रेक्षक त्यांची तुलना रिकिदोझान यांच्याशी करीत आणि नव्यांत ती जरब नाही अशी तक्रार करीत. इ.स. १९८१ मध्ये टायगर मास्क हा मुखवटाधारी मल्ल रिंगणात आल्यावर मुलांची एक संपूर्ण पिढी या खेळाकडे वळली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कुस्तीचे कार्यक्रम रात्रीच्या मुख्य वेळेतून बाहेर गेले. त्यानंतर पुढे आलेल्या मल्लांची तांत्रिक सफाई रिकिदोझान यांच्यापेक्षा निश्चितच अधिक होती. त्यांचे डाव अवघड होते आणि सामन्यांची गती कितीतरी जास्त होती. तरीही कुस्ती न पाहणाऱ्या सामान्य माणसाला नावाने माहीत असलेले मल्ल बव्हंशी जुन्या काळचेच राहिले.

यामागे मल्लांच्या गुणवत्तेपेक्षा परिस्थितीतील बदल अधिक कारणीभूत असल्याचे दिसते. इ.स. १९५४ मध्ये दोनच वाहिन्या होत्या आणि संपूर्ण शहर एकाच पडद्याकडे पाहत होते. पुढे वाहिन्या वाढल्या, करमणुकीचे प्रकार वाढले आणि कुस्तीचा प्रेक्षक स्वतंत्र वर्तुळात विभागला गेला. परदेशी मल्लाला हरवणे या घटनेला पराभूत राष्ट्राच्या मनात जे स्थान होते, ते समृद्ध जपानमध्ये उरले नाही. निकाल ठरलेला असतो हे सर्वांना कळून चुकले होते. शिवाय रिकिदोझान यांचे अकाली निधन झाल्याने त्यांचा उतारवयातील खेळ कोणी पाहिला नाही. बाबा व इनोकी यांना मात्र वय झाल्यावरही प्रेक्षकांसमोर उभे राहावे लागले.

स्मृती आणि वारसा

रिकिदोझान यांच्या कोरियन जन्माची माहिती जपानी वाचकांपर्यंत त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने सविस्तरपणे पोहोचली. त्यामुळे त्यांच्या आठवणींचा अर्थही बदलला. उत्तर कोरियात त्यांना साम्राज्यवाद्यांना नमवणारा राष्ट्रवीर मानले जाते. दक्षिण कोरियात इ.स. २००४ मध्ये त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला व त्यात सोल क्युंग-गु यांनी त्यांची भूमिका केली. जपानमध्ये पन्नाशीच्या दशकाच्या स्मरणरंजनात चौकातील दूरचित्रवाणी संचासमोरची गर्दी आणि रिकिदोझान यांचा प्रहार हे अविभाज्य चित्र बनले आहे. अशा प्रकारे एकच माणूस तीन समाजांत तीन वेगळ्या कारणांसाठी स्मरणात आहे.

एप्रिल, इ.स. १९९५ मध्ये इनोकी यांच्या पुढाकाराने उत्तर कोरियाची राजधानी प्याँगयांग येथे दोन दिवसांचा कुस्ती महोत्सव झाला. दुसऱ्या दिवशी इनोकी यांचा सामना अमेरिकेच्या रिक फ्लेअर यांच्याशी झाला. मे डे स्टेडियमवर लाखाहून अधिक लोक उपस्थित असल्याचे सांगितले गेले. आपल्या गुरूंना हयातीत परत जाता आले नाही त्या देशात कुस्ती नेणे, हा या महोत्सवामागील एक हेतू होता. बाबा यांचे इ.स. १९९९ मध्ये, ओकी यांचे इ.स. २००६ मध्ये आणि इनोकी यांचे इ.स. २०२२ मध्ये निधन झाले. इ.स. २०१७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी संस्थेने रिकिदोझान यांचा आपल्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश केला. त्यांच्या शिष्यांनी स्थापन केलेल्या दोन्ही संस्था आजही जपानमध्ये सामने भरवतात.